वैशाखाचें ऊन आणि इंजिनाचें बळ

वैशाख-ज्येष्ठांत भर दुपारीं बारा वाजतां औताला जुंपलेले बैल आमच्या नागपूर भागांत कोणी पाहिले नसतील. पहांटे औत जुंपावें, ऊन डोक्यावर येण्यापूर्वीं तें सोडावें, बैलांस पाणी दाखवून निंबाच्या सावलीला बांधावें, ही वहिवाट कोणी कागदावर लिहून ठेविली नव्हती. तरी ती मोडणाऱ्यास सारा गांव नांवें ठेवीत असे. आतां बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आला आणि ती वहिवाट मात्र गेली. इंजिन लोखंडाचें, त्याला ऊन काय करणार, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत चुकीची असून तिच्यापायीं दर उन्हाळ्यांत आपल्या गांठचे पैसे जातात, एवढेंच मला येथें मांडावयाचें आहे.

मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. माझी सारी नोकरी तहसिलींत सातबारा, फेरफार आणि पैसेवारीचे कागद लिहिण्यांत गेली. परंतु आंकडा दिसला कीं तो ताडून पाहण्याची कारकुनी खोड निवृत्त झाल्यावरहि सुटत नाहीं. दोन उन्हाळ्यांपूर्वीं हिंगण्याकडील आमच्या वडिलोपार्जित शेतांत भावानें भाड्याचा ट्रॅक्टर आणून पल्टी नांगरानें खोल नांगरट करविली. भाडें तासावर ठरलें होतें. सकाळीं काम झपाट्यानें चाललें. एक वाजल्यावर मात्र इंजिन काळा धूर ओकूं लागलें, चालक एक एक गियर खालीं उतरूं लागला, आणि दोन वाजण्याच्या सुमारास तापमानाचा कांटा लाल रेघेवर गेला. मग इंजिन चालू ठेवूनच ट्रॅक्टर धुऱ्यावरच्या बाभळीखालीं उभा राहिला. अर्ध्या तासानें पुन्हा तासांत उतरला. पुन्हा उभा राहिला. मी बाजेवर बसून टिपण ठेवीत होतों. संध्याकाळीं हिशेब नऊ तासांचा झाला, आणि माझ्या टिपणांत उभ्या ट्रॅक्टराचा एक तास चाळीस मिनिटें निघालीं. मालकाशीं तंटा केला नाहीं. इंजिन चालू होतें, डिझेल जळत होतें, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण असें कां झालें, हा प्रश्न मनांतून जाईना. पुढें जें वाचलें, ज्यांना कळतें त्यांच्याकडून जें समजून घेतलें, तें येथें देतों.

इंजिन डिझेलवर चालतें असें आपण म्हणतों; तें अर्धेंच खरें आहे. एक किलो डिझेल पुरतें जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाच्या आहारांत तेलापेक्षां हवेचाच वांटा कितीतरी मोठा. आतां सिलिंडराचें माप तर ठरलेलें आहे. दट्ट्या खालीं सरकला कीं तेवढ्या मापाची हवा आंत येते, अधिक येऊं शकत नाहीं. परंतु माप सारखें असलें म्हणून वजन सारखें नसतें. दाबून भरलेल्या कापसाचा बोरा आणि पिंजून भरलेल्या कापसाचा बोरा जवळ जवळ ठेवा. बोरा तोच, उचलूं गेल्यास फरक कळतो. थंड हवा दाबलेल्या कापसासारखी आहे, तापलेली हवा पिंजलेल्या कापसासारखी. इंजिनास हवें असतें वजन, आणि वैशाखांत त्याला मिळतें नुसतें आकारमान.

ही तूट किती, हें काढण्याचा हिशेब सोपा आहे. हवेचें तापमान उणें २७३ अंशांपासून मोजावें लागतें. त्या मोजणीनें २५ अंश म्हणजे २९८, आणि ४५ अंश म्हणजे ३१८. पहिल्यास दुसऱ्यानें भागलें कीं उत्तर येतें ०.९४. थंड दिवशीं जेथें शंभर भार हवा आंत जात होती, तेथें आतां चौऱ्याण्णव भार जाते. शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर उंचीवर आहे. त्यामुळें हवेचा दाब मुळांतच थोडा कमी, तो शेंकडा तीनांच्या आसपास आणखी धरावा. दोन्ही मिळून शेंकडा नऊ.

कोणी म्हणेल, शंभरांत नऊ म्हणजे कांहीं फार नाहीं. ज्यानें ४९ पैसे आणि ५१ पैसे यांत गांवाच्या नशिबाचा काय फरक पडतो तें पैसेवारीच्या कागदांत पाहिलें आहे, त्याला असें म्हणवत नाहीं. ४० अश्वशक्तीच्या इंजिनांतून साडेतीन अश्वशक्ति वजा झाली म्हणजे नांगराचा फाळ जेथें नऊ इंच जाणार तेथें तो आठावर ठेवावा लागतो, किंवा गियर उतरवावा लागतो.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. डिझेल इंजिनांत हवा गरजेपेक्षां कांहीं अधिकच घेतलेली असते, म्हणून हलक्या कामांत ही तूट जाणवत नाहीं. रिकामी ट्रॉली ओढतांना किंवा पेरणीयंत्र चालवितांना चालकाला उन्हाचा पत्ताहि लागणार नाहीं. पण खोल नांगरटींत तो पूर्ण रेस देतो. पंप तेल पूर्ण सोडतो. हवा मात्र तेवढी नसते. न जळलेलें तेल काळ्या धुराच्या रूपानें बाहेर पडतें. धुरांड्यांतून निघणारा तो धूर म्हणजे आपणच पैसे मोजून आणलेलें डिझेल होय. ज्या इंजिनास टर्बो बसविलेला आहे, तें हवा कोंबून घेतें, त्यामुळें त्याची तूट कमी होते. परंतु कोंबलेली हवा आणखी तापते, आणि तिला थंड करणारी जाळी पुन्हा त्याच वैशाखाच्या वाऱ्यावर अवलंबून. नव्या गाड्यांत संगणक असतो. तो उष्मा पाहून तेलच कमी सोडतो. धूर दिसत नाहीं, बळ मात्र कमी झालेलें असतें.

तरीहि माझ्या भावाच्या शेतांत ट्रॅक्टर थांबला तो हवेच्या तुटीमुळें नव्हे. तो थांबला रेडिएटरामुळें, आणि खरें नुकसान तेथेंच आहे. तेलांत जी उष्णता असते तिचा जेमतेम तिसरा हिस्सा कामीं येतो. बाकीची धुराबरोबर आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. पाण्यांतली उष्णता वाऱ्याला देण्याचें काम रेडिएटराचें. पाणी आणि वारा यांच्या तापमानांत जितकें अंतर, तितकी उष्णता तो टाकूं शकतो. पाणी ९५ अंशांवर आणि वारा २५ वर असेल तर अंतर ७० अंशांचें. वारा ४५ वर गेला कीं अंतर उरतें ५०. म्हणजे हवेच्या तुटीनें इंजिनाचें बळ शेंकडा सहा कमी होतें, पण त्याच उन्हानें रेडिएटराची ताकद शेंकडा अठ्ठावीस कमी होते! वाचकांनीं हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

बरें, ४५ हा आंकडा तरी कोठला? तो वेधशाळेंतील सावलीच्या पेटींतला. आमच्या प्रतापनगरापासून सोनेगांवचा विमानतळ दूर नाहीं. तेथील नोंदींत नागपुरानें २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश गांठलेले आहेत. (३० मे २०२४ रोजीं रामदासपेठेंतील कृषि विद्यापीठाच्या शेतांतल्या स्वयंचलित यंत्रानें ५६ अंश दाखविले आणि देशभर बोभाटा झाला, पुढें हवामान खात्यानें तें यंत्रच बिघडलें असल्याचें सांगितलें. आंकडा मोठा दिसला कीं तो आधीं तपासावा, ही आमच्या जुन्या दप्तराची शिकवण त्या दिवशीं फार आठवली.) पण नांगरलेल्या काळ्या रानांत, जेथें मातीवर अनवाणी पाय ठरत नाहीं, तेथें जमिनीलगतचा वारा पेटींतल्या वाऱ्याहून अधिकच तापलेला असतो, आणि रेडिएटर तोच वारा ओढून घेतो.

त्यांत भर घालतो तो आपला आळस. आमच्या ट्रॅक्टराची जाळी दुसऱ्या दिवशीं सकाळीं, तो पुरता थंड असतांना, मी चालकाकडून उघडविली. आंत सोयाबीनचें कुटार, कापसाचे तंतू आणि धूळ यांचा नमदा बसला होता. पलीकडचा उजेड दिसत नव्हता. इंजिनाच्या बाजूनें पाण्याची हलकी धार सोडून तो काढला. त्या दिवशीं कांटा लाल रेघेपर्यंत गेला नाहीं. तीच गोष्ट हवेच्या गाळणीची. तेलाच्या गाळणींत चिखल सांचलेला असतांना इंजिन पूर्ण श्वास घेईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. रेडिएटरांत विहिरीचें जड पाणी ओतण्याची सवयहि अशीच वाईट. त्याचा क्षार नळ्यांच्या आंत बसतो, आणि चुलीवरच्या भांड्याला आंतून जसा पांढरा थर येतो तसा येऊन उष्णता अडवितो. कंपनीनें सांगितलेलें कूलंट स्वच्छ पाण्यांत घालून वापरावें, खर्च थोडका आहे.

आणि एक सूचना, जी छापावयास नको इतकी जुनी आहे, तरी दर उन्हाळ्यांत कोणाचे तरी हात भाजतातच. तापलेल्या रेडिएटराचें झांकण उघडूं नये. झांकणाच्या दाबामुळें आंतील पाणी १०० अंशांवर उकळत नाहीं, तें १२० पर्यंतहि तग धरतें. झांकण फिरलें कीं दाब गेला, आणि तें सारें पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतें.

आतां पाटीवरील आंकड्याविषयीं. इंजिनाची शक्ति मोजण्याचा जो आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्यांत हवा २५ अंशांची धरतात. युरोपांत ट्रॅक्टराची परीक्षा २३ अंशांच्या आसपास घेतात, सात अंश इकडे किंवा तिकडे. सौर पंपाच्या पट्ट्यांचीहि तीच कथा: त्यांच्या मागें लिहिलेली शक्ति पट्टी २५ अंशांवर असतांनाची आहे, आणि आमच्या उन्हांत ती पट्टी ६० अंशांवर सहज जाते. आमच्या महसूल खात्यांत जमिनीचा आकार बसवितांना आधीं प्रतवारी पाहत. नाल्याकांठच्या काळीचा आकार कोणी बरड जमिनीवर बसविला असता तर शेतकऱ्यांनीं कचेरीवर मोर्चा आणला असता. मग थंड हवेंतील अश्वशक्तीचा आंकडा वैशाखांतील नागपूरच्या शेतकऱ्यास विकला जातो, तेव्हां आपण गप्प कां बसतों?

याविषयीं कांहीं झालेलेंच नाहीं असें मात्र नव्हे. अमेरिकेंत नेब्रास्का राज्याच्या कायदेमंडळांत विल्मॉट क्रोझिअर नांवाचे शेतकरी सभासद होते. त्यांनीं विकत घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातींतल्या वचनाप्रमाणें काम देईनात, तेव्हां त्यांनीं पुढाकार घेऊन १९१९ सालीं कायदा करून घेतला कीं परीक्षा झाल्याखेरीज कोणत्याहि ट्रॅक्टराची विक्री त्या राज्यांत होऊं नये. लिंकन येथील विद्यापीठांत १९२० पासून ती परीक्षा सुरू झाली. आपल्याकडे नर्मदेच्या कांठीं बुधनी येथें केंद्र सरकारची शेतीयंत्रांचें प्रशिक्षण व परीक्षण करणारी संस्था १९५५ पासून आहे. तेथील ट्रॅक्टर-परीक्षेंत एक मोलाचा भाग आहे, जो युरोपच्या परीक्षेंत नाहीं: नेहमींच्या हवेंतील शक्ति मोजून झाल्यावर ट्रॅक्टरास मुद्दाम ४३ अंशांच्या, दोन अंश कमी-जास्त अशा, हवेंत ठेवून त्याची शक्ति पुन्हा मोजतात. म्हणजे आमच्या वैशाखाची दखल सरकारनें घेतलेली आहे. अहवालांत दोन्ही आंकडे असतात, आणि दुकानदाराच्या रंगीत पत्रकांत यांपैकीं उन्हाचा आंकडा माझ्या तरी पाहण्यांत आलेला नाहीं. तेथें असतो तो बहुधा नुसत्या इंजिनाचा, सर्वांत मोठा. मागच्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, जी शक्ति हातीं येते ती त्याहून कमी, आणि उन्हांतली त्याहूनहि कमी.

माझें म्हणणें असें कीं आपल्या सभेनें ट्रॅक्टर घेऊं इच्छिणाऱ्या सभासदांसाठीं बुधनीचे अहवाल मिळवून कचेरींत ठेवावे, आणि दुकानदारास पहिला प्रश्न हाच विचारावा: उन्हांतील पीटीओचा आंकडा काय? दहा शेतकऱ्यांनीं विचारलें तर तो हंसेल. शंभरांनीं विचारलें तर तो छापून ठेवील. सरकारी अनुदानावर जो ट्रॅक्टर दिला जातो, त्याच्या दरपत्रकांत तरी हा आंकडा असलाच पाहिजे, असा ठराव करून कृषि खात्याकडे पाठविण्यास काय हरकत आहे? ठराव बासनांत पडतात हें मी जाणतों. मीच तीं बासनें बांधीत होतों. तरी पाठविलेला ठराव पुढें कधीं तरी सांपडतो, न पाठविलेला सांपडत नाहीं.

आतां मोटारगाडीविषयीं थोडें, कारण हल्लीं ती अनेक शेतकऱ्यांच्या दारीं उभी आहे. पेट्रोलच्या इंजिनास हवेची तूट डिझेलपेक्षां सरळ सरळ लागू पडते. हवा जितकी कमी, तितकेंच पेट्रोल जळतें. शिवाय तापलेली हवा दाबली गेली म्हणजे पेट्रोल ठिणगीपूर्वींच किंवा ठिणगीनंतर भलत्या जागीं भडकतें व इंजिन ठोकूं लागतें. तें टाळण्यासाठीं नव्या गाडींतील संगणक ठिणगीची वेळ मागें सारतो आणि बळ आणखी थोडें घटतें. वर आंतील गारव्याचें यंत्र तीन ते पांच अश्वशक्ति घेतें तें वेगळेंच. सपाट रस्त्यावर एकटा चालक असेल तर त्याला यांतलें कांहीं समजणार नाहीं. तो पाय किंचित अधिक दाबील इतकेंच. पण पांच माणसें, मागें संत्र्याच्या दोन पेट्या, आणि चढावर पुढच्या ट्रकला मागें टाकण्याचा मोह, अशा वेळीं हिवाळ्यांत जेवढी जागा पुरली तेवढी मे महिन्यांत पुरत नाहीं. हें ओळखून मागेंच राहावें. नोकरींत असतांना टंचाईच्या दौऱ्यावर आमच्या साहेबांची जीप घाटांत उभी राहिली कीं चालक पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें गुंडाळीत असे. नळींतल्या पेट्रोलाची वाफ होऊन प्रवाह तुटत असे म्हणून. तो त्रास नव्या गाड्यांत जवळजवळ गेला आहे. मात्र पहांटे पेट्रोल भरलें तर जास्त मिळतें, ही जी वदंता आहे तिच्यामागें झोंपमोड करूं नये. तेल उष्णतेनें फुगतें हें खरें, परंतु पंपावरची टांकी जमिनींत खोल असते. सकाळ-दुपारच्या फरकाचा तिला फारसा पत्ता नसतो.

मुख्य मुद्दा नांगरटीच्या वेळेचा आहे. मे महिन्यांत पहांटे चार वाजतां वारा २९ अंशांवर असतो असें धरा. त्याच ट्रॅक्टरास दुपारच्या मानानें शेंकडा पांच हवा अधिक मिळेल, आणि रेडिएटरास अंतर ५० ऐवजीं ६६ अंशांचें मिळेल, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश अधिक. नव्या यंत्राचा खर्च नाहीं, नव्या कर्जाचा अर्ज नाहीं. फक्त घड्याळ बदलावयाचें. रात्रभर नांगरट करावी असें मी म्हणत नाहीं. आमच्या भागांत बिनकठड्याच्या विहिरी आहेत, साप आहेत, आणि झोंपेनें डोळे मिटलेला चालक हा तापलेल्या इंजिनापेक्षां भयंकर आहे. पहांटे चार ते दहा आणि सूर्यास्तानंतर दिव्यावर दोन-तीन तास, एवढें पुरे.

तासाचें भाडेंहि मोडून काढावें. तासाच्या भाड्यांत दुपारीं ट्रॅक्टर जितका अशक्त, तितकें मालकाचें उत्पन्न अधिक, आणि सारी तूट जमीनधारकाच्या पदरांत. भाडें एकरावर ठरलें कीं थंड वेळीं काम उरकण्यांत मालकाचाच फायदा होतो. मग जाळी साफ करण्याची आठवणहि त्याला आपोआप होते.

बैलांच्या दुपारीं आणखी एकाला विसांवा मिळत होता, त्याचें नांव आपण हिशेबांत घेतलेंच नाहीं. बैल सोडले म्हणजे त्यांच्यामागें चालणारा गडीहि सुटत असे. आतां जो विशीचा पोरगा दुपट्टा बांधून त्या इंजिनामागें बसतो, त्याच्या वरून ऊन, पुढून इंजिनाची झळ, खालून तापलेली माती. इंजिनाला निदान कांटा तरी आहे. लाल रेघेवर गेला कीं तें थांबवितात. नवतप्याच्या दिवसांत उष्माघातानें माणसें गेल्याच्या बातम्या येतात तेव्हां त्या पोराची आठवण ठेवावी. बैल मेला तर मालकाचें नुकसान, इंजिन जळलें तर मालकाचें नुकसान. भाड्याच्या चालकाचें काय झालें तें तालुक्याच्या दवाखान्याच्या वहींत राहतें.

यंदा भावानें दुसऱ्याच एका मालकाशीं बोलणें केलें आणि एकरावर दर ठरविला. पहांटे येण्याबद्दल त्यानें थोडें जास्त मागितलें, तें दिलें. चालक चार वाजतां आला, जाळी उघडून दाखविली, दिवे लावून तासांत उतरला. साडेदहाला त्यानें ट्रॅक्टर निंबाखालीं उभा केला, इंजिन बंद केलें आणि जुन्या बंडीच्या सावलींत आडवा झाला. मी संवयीप्रमाणें वही घेऊन बाजेवर बसलों होतों. दुपारभर त्या पानावर लिहिण्यासारखें कांहीं घडलें नाहीं.

— एक निवृत्त महसुली कारकून, प्रतापनगर, नागपूर